राजीनामा मंजूर

२३ नोव्हेंबर

हरलो.

पहिल्या पाच फेऱ्यांत मी पुढे होतो. सहाव्या फेरीला पारडीकडचा पट्टा उघडला. तो पट्टा मी डोळे मिटून आपला धरला होता, आणि तिथेच आकडे उलटे फिरले. दहा वर्षं आमदार असलेला माणूस अकरा हजारांनी पडला. विदर्भ श्रमिक दलाचा विधानसभेत मी एकटाच होतो, म्हणजे आज माझ्याबरोबर पक्षही बाहेर पडला.

संध्याकाळी अंगणात कार्यकर्ते जमले. पक्षाचं आता काय, असं कुणी विचारायच्या आत मीच बोलायला उभा राहिलो. तासभर बोललो. लोक सुन्न होऊन ऐकत होते. बरेच जण अर्ध्यातून उठून गेले. त्यांना भरून आलं असावं.

घरात बायकोने, सिंधूने, पान मांडलं. वरण-भात वाढला आणि शेजारी बसून राहिली.

रोज चार ओळी लिहून ठेवायच्या असं ठरवलं आहे. पुढे आत्मचरित्र लिहिताना पराभवाचं प्रकरण हाताशी असलेलं बरं.

२६ नोव्हेंबर

पराभवाची कारणं शांतपणे तपासली. पैसा, मशीन, जातीचं गणित, वरून आलेला वारा, आणि घरभेदी. माझी चूक असती तर मीच पहिल्यांदा मान्य केली असती.

आता नेत्याला नव्याने उभं करायला हवं. त्याचा एक जुना मार्ग आहे. बैठकीत मी राजीनामा द्यायचा आणि पक्षाने तो एकमताने फेटाळायचा. भैय्याजींशी बोललो. लकडगंजात त्यांचा सागवानाचा डेपो आहे, त्याच्याच माडीवर पक्षाचं कार्यालय. पक्ष काढला त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर आहेत. फेटाळण्याचा ठराव ते मांडतील. माझा भाचा जितेंद्र सरचिटणीस आहे, तो घोषणा देईल. भैय्याजी म्हणाले, "करू गा वामन, तू म्हणतो तं करू."

जेवताना सिंधूला सांगितलं की राजीनामा देतो आहे. तिचा हात थांबला. "खरंच देता?"

मी म्हटलं, देतो. बाकीचा भाग घरात सांगण्यासारखा नव्हता.

"चांगलं केलं," ती म्हणाली आणि न विचारता आणखी एक पोळी वाढली.

१ डिसेंबर

माडीवर माणसं दाटून बसली होती. खाली करवत चालू होती, ती भैय्याजींनी बंद करवली. मी पंधरा मिनिटंच बोललो, माझ्या मानाने फार कमी. शेवटी म्हटलं, पराभवाची नैतिक जबाबदारी माझी आहे, म्हणून अध्यक्षपद सोडतो आहे. कागद टेबलावर ठेवला आणि खाली बसलो.

शांतता पसरली. एवढी शांतता मी धरूनच चाललो होतो. भैय्याजी खाकरले, गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

हात सिंधूचा होता.

कार्यकारिणीत बायकांच्या जागा भरायच्या म्हणून तिचं नाव मीच घातलं होतं. इतक्या वर्षांत ती तिथे एक शब्द बोललेली नाही. आज म्हणाली, "मंजूर करा जी."

मग हात वर होत गेले. आधी बायांचे, मग हिंगण्याच्या कारखान्यांतल्या पोरांचे, मग ज्यांना मी तिकिटं दिली होती त्यांचे. भैय्याजी अर्धवट उठले होते ते तसेच राहिले, आणि सगळ्यात शेवटी त्यांनीही हात वर केला, माझ्याकडे न बघता. जितेंद्र मोबाइलमध्ये पाहत होता. एकही घोषणा झाली नाही.

नव्या अध्यक्षाचं नाव मिरचीवाल्या एका बाईने सुचवलं. पारडीजवळ मिरचीचा सातरा आहे, तिथे बाया दिवसभर बसून वाळल्या मिरच्यांचे देठ खुडतात, त्यांतली ती. तिने मयुरा ढोकेचं नाव घेतलं. मयुरा कामगार न्यायालयात वकिली करते, आमच्या महिला आघाडीची प्रमुख आहे. वय छत्तीस. तिला पक्षात मीच आणलं होतं. सगळ्यांनी बाकं वाजवली. ती येऊन माझ्या पाया पडली. मी "यशस्वी हो" म्हणालो. उद्घाटनाच्या वेळी वापरतो तो आवाज आपोआप निघाला.

४ डिसेंबर

सिंधूशी बोलणं बंद केलं होतं. तिच्या ते लक्षात यायला दोन दिवस लागले.

आज मीच विचारलं, "तू हात काहून वर केला?"

ती मेथी निवडत होती. "तुम्ही म्हणाले ना, खरंच देतो म्हणून. खोटा होता का?"

 मी म्हटलं, नाही, खोटा कशाला असेल.

"मग झालं तं." जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "तुम्ही हरले त्या दिवशी मले वाईट वाटलं. राजीनामा दिला त्या दिवशी लय बरं वाटलं. येवढं मोठं काम तुम्ही याआधी केलं नोतं."

या बाईला राजकारण कळत नाही.

१८ डिसेंबर

अधिवेशनाचे दिवस. सारी मुंबई नागपुरात आली आहे. सिव्हिल लाइन्सच्या वळणावर एका शिपायाने माझी गाडी अडवली. "काका, मागं घ्या." गेली दहा वर्षं याच रस्त्यावर मला सलाम होत होते. मी त्याला नाव सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण गाडी मागं घ्या."

मयुराने सातऱ्यावरच्या बायांचा मोर्चा काढला होता. फजिती व्हायची ती डोळ्यांनी पाहावी म्हणून गाडी लावून पायी गेलो आणि अडथळ्याच्या मागे उभा राहिलो. तीनेकशे बाया असतील. पदराला अजून मिरचीची धूळ. पुढच्या ओळीतले पोलीस शिंकत होते. आणि मागणी काय, तर एकच: वस्तीत नळ. माझ्या मोर्चात कधी चौदापेक्षा कमी मागण्या नसत. एका मागणीसाठी मोर्चा काढणं हा निव्वळ पोरकटपणा आहे.

मंत्री बाहेर येऊन निवेदन घेऊन गेला. माझ्या मोर्चांना मंत्री बाहेर येत नसत, शिष्टमंडळाला आत बोलवत. तोच मान मोठा.

बाया जाताना गात होत्या. घरी येईपर्यंत ती चाल डोक्यात राहिली.

९ फेब्रुवारी

अखेर कुणाला तरी माझी किंमत कळली. जितेंद्र एका मोठ्या पक्षाच्या शहराध्यक्षांना घेऊन घरी आला. माणूस फार आदराने बोलला. प्रस्ताव असा: निवडणूक आयोगाच्या कागदांवर आमच्या पक्षाचा संस्थापक अध्यक्ष म्हणून अजून माझंच नाव आहे. राजीनामा माझ्याकडून दबावाखाली घेतला गेला, असं मी लिहून द्यायचं. मग मयुराची निवड वादात पडेल, फळांची टोपली हे आमचं चिन्ह गोठेल, आणि मी पक्ष त्यांच्या पक्षात विलीन करायचा. मला महामंडळ, जितेंद्रला महापालिकेचं तिकीट. निवडणुका लागायच्या आत सही झाली तरी चालेल.

विचार करतो म्हणालो. मनात होकार होता, पण लगेच दिला तर किंमत उतरते.

ते गेल्यावर सिंधूने त्यांनी आणलेला संत्रा बर्फीचा डबा शेजारी पाठवून दिला. एकही तुकडा खाल्ला नाही.

२१ मार्च

मयुरा आली होती. सिंधू दारातच "ये वं" म्हणाली आणि चहा इतक्या लवकर आला, जणू आधीच टाकून ठेवला होता. दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. ओळख बेताचीच असावी.

मयुराची अडचण अशी की सातऱ्याच्या वस्तीचा प्रभाग कुणी सांभाळायला तयार नाही. विधानसभेत आपण तिथेच सगळ्यात जास्त मागे पडलो. "भाऊ, हे काम तुमच्याशिवाय कोणाले जमणार नाही," असं ती म्हणाली.

पक्षाच्या संस्थापकाला प्रभागप्रमुख करायचं! मी नाही म्हणणारच होतो. मग विचार केला, उद्या सही करायची तर पक्षाची आतली अवस्था किती बिघडली आहे त्याची माहिती असलेली बरी. म्हणून हो म्हटलं. मयुराने मान खाली घातली. सिंधू लगबगीने आत गेली. आतून हसल्याचा आवाज आला, बहुधा शेजारच्या घरातून.

५ मे

सकाळी सातलाच ऊन कपाळावर बसतं. मिरचीवाल्या बाईबरोबर वस्तीत फिरलो. तिचं नाव मनकर्णा. ती विधवा आहे, दोन मुली नर्सिंगला. तिचे आजोबा छप्पन्न साली दीक्षाभूमीवर होते, हे ती एखाद्याने घराण्याची जहागीर सांगावी तसं सांगते.

पहिल्या दारापाशीच म्हणाली, "भाऊ, आज तुमी बोलू नका."

मी म्हटलं, मग आलो कशाला?

"आयकाले."

ऐकलं. नळाची मोठी लाइन नाल्याच्या अलीकडे येऊन थांबली आहे. पलीकडे टँकर येतो, आला तर. लोक तोंडावर म्हणाले, दहा वर्षांत तुम्ही दोनदा आले. लोकांची स्मरणशक्ती कच्ची असते. मी तीनदा गेलो होतो. तिसऱ्या वेळी गाडीतून उतरलो नव्हतो, एवढंच.

१९ जून

आज सातऱ्यावर बसलो. बाया कामावर असतानाच भेटतात, म्हणून मनकर्णाबाईंनी पोतं अंथरून दिलं. रिकामं बसणं बरं दिसेना, मीही देठ खुडायला घेतले. थोड्या वेळाने घाम पुसायला हात डोळ्याला लागला. पुढचं काही दिसलंच नाही. कुणी गूळ दिला, कुणी ताक आणलं, कुणी डोळ्यावर पाणी मारलं, आणि सगळ्या हसत सुटल्या. तुळसाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती म्हणाली, "आमदारसाहेब रडून राहिले वं!" मला या प्रकाराचा राग आला असणार. पण सिंधूला हे सांगताना मी हसत होतो, असं ती म्हणते.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली. आधीचा त्यांचा अंदाजच चुकलेला असावा.

११ ऑगस्ट

नळाचा तिढा सापडला. नाल्यावरून पाइप न्यायला दोन खात्यांची परवानगी लागते, आणि प्रत्येक खातं म्हणतं की आधी दुसऱ्याने द्यावी. आमदार असताना मी यावर कडक पत्रं लिहिली होती. ती दोन्हीकडे फाइलला व्यवस्थित लावलेली आहेत.

या वेळी पत्र लिहिलं नाही. मनकर्णाबाई, आठ बाया आणि मी एका साहेबाच्या दालनात जाऊन बसलो. तिथून तो उठला की दुसऱ्याच्या दालनात. डबे सोबत होते. असे सहा दिवस गेले. आज दोन्ही साहेबांना आम्ही एकाच टेबलावर आणलं आणि दोघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

निघताना एक इंजिनिअर मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आमदार असताना एकदा असे येऊन बसले असते ना..." आणि फाइलची दोरी बांधायला लागला. त्याला काय म्हणायचं होतं, कळलं नाही.

मयुराला फोन करून सगळं सांगितलं. ती रोज संध्याकाळी माझा सल्ला घेते. आज मी सुचवलं की या यशावर मोठी सभा घ्यावी. तिने नीट ऐकून घेतलं. सभा होणार नाही.

२८ सप्टेंबर

नळ आला.

मला नारळ फोडायला सांगतील म्हणून इस्त्रीचं जाकीट घालून गेलो होतो. तोटी तुळसाबाईने सोडली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ, मग एकदम स्वच्छ धार. म्हातारी धारेखाली हात धरून उभीच राहिली. कुणी तिला बाजूला केलं नाही. मग बायांनी घागरी लावल्या, पोरांनी अंग भिजवलं, कुणीतरी डफडं आणलं. जाकिटाची पार वाट लागली.

पहिला पेला तुळसाबाईचा, दुसरा मनकर्णाबाईंनी मला दिला.

पाणी चांगलं होतं.

६ नोव्हेंबर

महापालिकेच्या निवडणुकीची चाहूल लागली आहे. जितेंद्र सकाळीच सहीचे कागद घेऊन आला. शहराध्यक्ष बाहेर गाडीत बसून होते. जितेंद्र म्हणाला, "मामाजी, आता थांबण्यात अर्थ नाही. चिन्ह गोठलं की मयुराताईची हवा दोन दिवसांत निघते. महामंडळाचं पत्र तयार आहे."

कागद वाचला. मजकूर चांगल्या वकिलाने लिहिला होता. 'माझी इच्छा नसताना, माझ्यावर दबाव आणून...' पेन हातात घेतलं. ही सही झाली असती तर बैठकीत माझी जी शोभा झाली, तिच्यावर कायमचा पडदा पडला असता. मी हरलो नव्हतो, मला पाडलं गेलं होतं, असं सगळ्यांना वाटलं असतं.

तेवढ्यात दारातून मनकर्णाबाईंची हाक आली. मतदार यादीत सातऱ्यावरच्या कितीतरी बायांची नावं नाहीत, त्या सगळ्या फोटो घेऊन नोंदणी केंद्रावर उभ्या आहेत. "भाऊ, चलता ना? बाया थांबून राहिल्या."

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "जितेंद्र, माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. राजीनामा मी स्वतः दिला होता. तो नामंजूर होईल असं मले वाटलं होतं. माझा अंदाज चुकला."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. सिंधू फक्त म्हणाली, "टोपी घालून जा, ऊन आहे."

जितेंद्र बराच वेळ बोलला. पुढची पिढी, संधी, व्यवहार. शेवटी म्हणाला, तुम्ही पक्ष एका बाईच्या हाती सोडून राहिले. मी म्हटलं, सोडून कुठे, मी तर तिच्या पक्षात आहे. हे मी का म्हणालो ते नंतर विचार करून पाहिलं. महामंडळांना आजकाल अधिकार उरलेले नाहीत, हे त्यामागचं खरं कारण असावं. राजकारणात दूरदृष्टी लागते.

दुपारी मयुराबरोबर जाऊन निवडणूक आयोगासाठी प्रतिज्ञापत्र दिलं: राजीनामा स्वेच्छेने दिला, नवी अध्यक्ष पक्षाने निवडलेली आहे, चिन्ह तिच्या पक्षाचं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "भाऊ, आता भीती नाही." तिला भीती होती, हे मला माहीतच नव्हतं.

१९ नोव्हेंबर

जितेंद्र गेला. तीन नगरसेवकांपैकी दोघांना घेऊन गेला, शिवाय सगळे खुर्चीवाले पदाधिकारी. भैय्याजी हादरले आहेत. म्हणाले, "वामन, आता माडीवर बायाच बाया अन् हिंगण्याची पोरं उरली गा. यानं काय होते?" मी त्यांना घेऊन पारडीला गेलो. प्रशिक नावाचा पोरगा कारखान्यातून रातपाळी करून थेट आला होता, बायांना मतदानाचं यंत्र समजावून सांगत होता. तीन ओळी धरून बाया उभ्या होत्या. भैय्याजी बराच वेळ पाहत राहिले. मग स्वतःच एका बाईच्या फोटोला गोंद लावायला बसले.

३० डिसेंबर

उमेदवारी अर्ज भरले. आमच्या प्रभागाच्या चार जागांपैकी एकीवर मनकर्णाबाई. चौघांत कुणाकडे गाडी नाही. समोर जितेंद्र, त्याच्या दारात सहा.

मी मनकर्णाबाईंसाठी भाषण लिहून दिलं होतं, सगळे मुद्दे घेऊन. त्यांनी वाचलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि सभेत एवढंच बोलल्या: "नळ आणला. तुमी होते, म्हणून आला. आता गटार आणू. मी सातऱ्यावर असतो, काम पडलं तं तिथं या." आणि खाली बसल्या. मला वाटलं सभा हातची गेली. लोक उठेनात, टाळ्या थांबेनात. शेवटी माइक बंद करावा लागला.

जितेंद्रच्या सभेला खुर्च्या चांगल्या होत्या.

१४ जानेवारी

आज प्रचार बंद. उद्या मतदान. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला सिंधू वस्तीत आली होती. तिला तिथलं प्रत्येक घर माहीत होतं. विचारलं, तर म्हणाली, "मागच्या हिवाळ्यापासून येऊन राहिली ना जी मी, मयुरासंगं." मला कधी सांगितलं नाहीस? तर म्हणे, "तुम्ही इचारलं नाही." मयुराने मला हा प्रभाग द्यायचं ठरवलं ते सिंधूमुळे तर नाही ना, असं क्षणभर वाटून गेलं. पण तसं असतं तर मला कळलं असतं.

१६ जानेवारी

लिहिताना वहीवर गुलाल सांडतो आहे. 

चार जागा, चारही आपल्या. मनकर्णाबाई दोन हजारांवर मतांनी आल्या, आणि जितेंद्र पडला. ज्या पट्ट्यात मी बुडालो होतो त्याच पट्ट्याने टोपली वर उचलली. आणि तेवढंच नाही. संध्याकाळपर्यंत शहरभरातून फोन येत राहिले. हिंगणा रस्त्याकडच्या कामगार वस्त्यांत प्रशिक निवडून आला. भैय्याजींच्या लकडगंजात, जिथे आपण कधी अनामत वाचवली नव्हती, तिथे आपल्या पक्षाची एक तरुण मुलगी आली. आमचे तीन होते. आता चौदा आहेत. दोन्ही मोठ्या पक्षांना बहुमत नाही. महापौर कुणाचा, हे आमच्या माडीवर ठरणार आहे.

गुलालाने डोळे भरले. मतमोजणीच्या फाटकात मयुराला बायांनी उचललं. तिने तिथूनच हात करून मला बोलावलं. मी जात होतो, पण वाटेत मनकर्णाबाई भेटल्या. त्या भिंतीशी एकट्या उभ्या राहून रडत होत्या. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "आजा पाहिजे होता आज." मग मी पुढे गेलो नाही. त्यांच्याजवळ उभा राहिलो. थोड्या वेळाने बाया आल्या आणि त्यांनाही उचलून घेऊन गेल्या.

जितेंद्र मागच्या फाटकाने निघाला होता. त्याला गाठून म्हटलं, घरी जेवायला ये, तुझ्या मामीने सांगितलं आहे. तिने सांगितलं नव्हतं, पण सांगितलंच असतं. हरलेल्या माणसाने पहिल्या दिवशी एकटं जेवू नये.

२७ जानेवारी

शहराध्यक्ष आज माडीवर आले, तेच. जिना अरुंद आहे, सागवानाचे ओंडके खाली रचलेले, त्यांना अंग चोरून चढावं लागलं. मी बाहेरच्या बाकावर होतो. ते शेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "वामनराव, शब्द टाका. तुमच्या शब्दाबाहेर पक्ष नाही, हे आम्हाला माहीत आहे."

मी म्हटलं, अध्यक्ष आत आहेत, पण बोलणी सुरू व्हायला वेळ लागेल. मनकर्णाबाई सातऱ्यावरून सुटायच्या आहेत. त्यांच्याशिवाय आमच्याकडे बैठक सुरू होत नाही.

ते थांबले. भैय्याजींनी चहा पाठवला, तो त्यांनी दोनदा घेतला. मनकर्णाबाई आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले. मयुराने दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही पण या."

मी भिंतीशी बसलो. मयुराने एकच मागणी ठेवली: महापौराचं नाव ठरायच्या आधी, नाल्यापलीकडच्या प्रत्येक वस्तीच्या नळाला मंजुरीची हमी, लेखी. शहराध्यक्ष महापौरपदाच्या वाटणीवर बोलू लागले, समित्यांवर बोलू लागले. ती ऐकत राहिली आणि प्रत्येक वेळी तिथेच परत आली. एकच मागणी असली की समोरच्याला पळायला जागा राहत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. हे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे.

त्यांनी लिहून दिलं.

सज्जात येऊन मयुराने ते खाली वाचून दाखवलं. लकडगंजचा सगळा रस्ता बायांनी भरला होता, हिंगण्याची पहिली पाळी मोटारसायकलींवरून सरळ तिथेच आली होती. काय आवाज उठला! ट्रकवाल्यांनी भोंगे लावले. मी जिना उतरून गर्दीत शिरलो, तर तुळसाबाईने माझा हात धरून वर केला आणि घोषणा सुरू झाल्या. मयुराच्या, मनकर्णाबाईंच्या, टोपलीच्या. प्रशिक सुरू करायचा, आम्ही ओढायचो. किती वेळ, कुणास ठाऊक.

घसा पार बसला आहे. सिंधूने हळद घालून दूध दिलं आणि विचारलं, येवढा कशानं बसला. खुणेनेच सांगितलं. घोषणा देणाऱ्यांचे घसे असे बसतात, हे मला माहीत नव्हतं. आजवर त्या माझ्याच नावाच्या असायच्या.